जिन्यातून ओळखू येतं ते नक्की काय? (घरची स्टिरिओ विरुद्ध समोरचं वादन)

जिन्यातला श्रोता

परवा लिफ्ट बंद म्हणून जिना चढत होतो. दुसऱ्या मजल्यावर एका बंद दारामागून व्हायोलिन ऐकू आलं. कुठली धून आहे हे कळायच्याही आधी मनात आलं, हे कुणीतरी वाजवतंय, रेकॉर्ड नाही. पाय थांबले. आत एक सूर घसरला, वाजवणारं थांबलं आणि तोच तुकडा पुन्हा सुरू झाला. अंदाज बरोबर होता.

दोन मजले चढून घरी आलो. माझी सिस्टिम बारा वर्षांत एकेक वस्तू जमवून उभी केलेली आहे. व्हायोलिनचंच एक उत्तम रेकॉर्डिंग लावलं, दार ओढून घेतलं आणि जिन्यात जाऊन उभा राहिलो. (बायको काय म्हणाली ते विचारू नका.) वाजत छानच होतं. पण तळमजल्यावरचं मांजरसुद्धा फसलं नसतं.

आता माझी शंका. बंद दाराने वरचे बारीक सूर केव्हाच गिळलेले असतात. डावं-उजवं, वादक कुठे बसलाय याचं चित्र, ज्यापायी आपण स्पीकर बोट बोट सरकवत बसतो, ते सगळं जिन्यात शून्य. तरी कान एका क्षणात निकाल देतो. मग तो ऐकतो तरी काय? आणि घरची सिस्टिम कधी तिथवर पोचेल का?

वायर बदलून बघा, हा सल्ला देणाऱ्यांचे आधीच आभार मानून ठेवतो.

शंकासुर

लक्षात राहिलं ते सांगताय. जिन्यातून जाताना किती वेळा ‘रेकॉर्ड आहे’ समजून तुम्ही पुढे गेलात आणि आत खरोखर कुणी वाजवत होतं, याची नोंद आहे? नसणारच, कारण त्या वेळी तुम्ही थांबलाच नाहीत. शिवाय चूक झाली आणि तुकडा पुन्हा वाजला, हा पुरावा आवाजाच्या गुणवत्तेचा नाही, वागणुकीचा आहे. रेकॉर्ड अडखळत नाही.

जिन्यातला श्रोता

बरोबर आहे, पण चूक नंतर झाली. पाय आधी थांबले होते.

शंकासुर

असं तुम्हाला आता आठवतंय.

सोल्डरगन

शंकासुरांचा मुद्दा बाजूला ठेवून मूळ प्रश्नाकडे येतो, कारण प्रश्न झकास आहे आणि बहुतेक लोक त्याचं उत्तर चुकीच्या जागी शोधतात.

आपण सोफ्यावर बसून ऐकतो तेव्हा दोन गोष्टी कानावर येतात. स्पीकरमधून थेट आलेला आवाज, आणि भिंती-छत-जमिनीवरून आपटून आलेला. चांगल्या स्पीकरचा थेट आवाज सपाट असतो, म्हणजे कुठलाही सूर उगाच फुगलेला किंवा दबलेला नसतो. सगळी जाहिरात त्याचीच. पण जिन्यात थेट आवाज पोचतच नाही! तिथे पोचतो तो खोलीत भरून राहिलेला आवाज. आणि साधा पेटीवजा स्पीकर खालचे सूर चहूबाजूंना सांडतो, वरचे सूर मात्र टॉर्चसारखे फक्त पुढे फेकतो. म्हणजे खोलीत भरलेला आवाज आपोआप खाली जड आणि वर दुबळा होतो. व्हायोलिनचं तसं नाही. त्याची पाठ, पोट, बाजू सगळं थरथरतं, सूर बदलला की आवाज फेकायची दिशा बदलते, आणि खोली सगळ्या अंगांनी भरते.

थोडक्यात, तुम्ही जिन्यात उभे राहून स्पीकरचा जो विषय सगळ्यात कच्चा, नेमका त्याचाच पेपर घेतलात.

दुसरं म्हणजे ताकद. सरासरी पातळी आणि क्षणिक शिखर यांत २० डेसिबलचा फरक असणं जिवंत वादनात काही विशेष नाही. २० डेसिबल म्हणजे १०० पट वीज. सरासरी १ वॅटवर वाजणाऱ्या अ‍ॅम्पने (अ‍ॅम्प्लिफायरने) एका फटक्यापुरते १०० वॅट द्यायचे, आणि स्पीकरने ते निमूट गिळायचे. साधारण घरगुती स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ८६ डेसिबल देतो. १०० वॅट दिले तर १०६. तीन मीटर मागे बसलात की त्यातले नऊएक डेसिबल गेले, खोलीने थोडे परत दिले तर दिले. ड्रमचा फटका जवळून १२०च्या घरात जातो. त्यात हे स्पीकर म्हणजे आळशी प्राणी. शंभर वॅट घातले तर एक वॅटसुद्धा आवाज होऊन बाहेर येत नाही, बाकी सगळ्याची उष्णता. कॉइल तापली की तिचा रोध वाढतो आणि शिखरं आणखी बोथट होतात. कानाला ‘विकृती’ म्हणून कळत नाही. नुसतं काहीतरी बसकं वाटतं.

नवशिका

मग मोठे स्पीकर आणि मोठा अ‍ॅम्प घेतला की झालं ना? प्रश्न बावळट असेल तर माफ करा.

सोल्डरगन

बावळट अजिबात नाही. ताकदीचा भाग सुटतो, तेही व्हायोलिन, सतार, एकटा गळा यांच्यापुरता आरामात. पण खोली तीच राहते. पियानोचा सगळ्यात खालचा सूर २७.५ हर्ट्झ, त्याची लहर साडेबारा मीटर लांब. पाच मीटर लांबीच्या खोलीत ३४ हर्ट्झच्या आसपासचा सूर समोरासमोरच्या भिंतींत अडकून उभा राहतो. सोफ्याच्या एका टोकाला तो अंगावर येतो, मधल्या उशीवर नाहीसा होतो. मोठा वूफर, म्हणजे खालच्या सुरांचा स्पीकर, घेतलात तर हा घोळ आणखी दणदणीत होईल. खोली आधी, स्पीकर नंतर, अ‍ॅम्प त्यानंतर, आणि वायर... धागाकर्त्याच्या विनंतीला मान देऊन थांबतो.

एकताल

मी तबला वाजवतो, त्यामुळे हा प्रयोग माझ्याकडे फुकटात झालेला आहे.

रियाज ऐकावा म्हणून दोन माइकचा छोटा रेकॉर्डर घेतला. समोर श्रोता बसेल तिथे, दोनेक मीटरवर, डोक्याच्या उंचीला ठेवला. वाजवलं. मग त्याच खोलीत, त्याच स्पीकरवर ऐकलं तर बाथरूममध्ये बसून वाजवल्यासारखं! माझी खोली इतकी घुमते हे मला तोवर माहीतच नव्हतं. वाजवताना कधी जाणवलं नव्हतं.

नंतर लक्षात आलं. समोर बसलेल्या माणसाचा कान खोलीचा घुमारा वजा करून ऐकतो. आवाज इथून आला, ते मागचं भिंतीचं आहे, असं तो वेगळं काढून ठेवतो. माइकला ही अक्कल नाही, त्याने सगळं एकाच पोत्यात भरलं. आणि ते पोतं मी पुन्हा त्याच खोलीत उघडलं, म्हणजे खोली दोनदा लागली.

मग माइक वीतभर अंतरावर आणले. घुमारा गेला, पण डग्ग्याचा गुंकार एखाद्या खोक्यातून यावा तसा आला. चाटीवर, म्हणजे तबल्याच्या कडेवर, बोट पडल्याची टिकटिक इतकी मोठी, की जणू कुणी तबल्याच्या शाईत कान घालून बसलंय. असा तबला जगात कुणी ऐकत नाही, वाजवणारासुद्धा नाही. त्याचे कान दोन हात वर असतात.

एवढ्या वर्षांत रेकॉर्डिंगवाल्यांबद्दल मी जे बोललो ते सगळं त्या दिवशी मागे घेतलं.

तबकडी

हा वाद ग्रामोफोनइतकाच जुना आहे, आणि गंमत म्हणजे तो जाहीरपणे अनेकदा ‘जिंकला’ गेलाय.

एडिसनच्या कंपनीने १९१५पासून दहाएक वर्षं जाहीर सभागृहांत ‘टोन टेस्ट’ घेतल्या. रंगमंचावर डायमंड डिस्क यंत्र आणि शेजारी गायिका. ती यंत्राबरोबर गायची, मध्येच ओठ मिटायची, गाणं चालूच. मग दिवे मालवायचे. दिवे लागले की गायिका गायब आणि यंत्र एकटंच गातंय! लोक थक्क. आता तेव्हाचं यंत्र म्हणजे कर्णा आणि सुई, विजेचा माइकसुद्धा नाही. मग लोक फसले कसे? त्या सभांत गाणाऱ्या अ‍ॅना केस यांनी कित्येक वर्षांनी सांगून टाकलं, की त्या स्वतःचा आवाज यंत्रासारखा करून गात असत.

यंत्र माणसापर्यंत पोचलं नव्हतं, माणूस खाली उतरून यंत्राला भेटला होता.

पुढे १९५४मध्ये स्पीकर बनवणाऱ्या व्हार्फडेल कंपनीचे गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये, अ‍ॅम्प बनवणाऱ्या क्वाड कंपनीच्या पीटर वॉकर यांना सोबत घेऊन, भरल्या सभागृहापुढे समोरचं वादन आणि टेप शेजारी शेजारी ऐकवली. सगळ्यात हुशार प्रयोग मात्र अकूस्टिक रिसर्च या अमेरिकी स्पीकर कंपनीच्या एडगर व्हिल्चर यांचा. फाइन आर्ट्स क्वार्टेट या चौकडीला मंचावर बसवायचं, शेजारी त्यांच्याच कंपनीचे एआर-३ स्पीकर. वाजवता वाजवता चौघं नुसता गज फिरवायचे आणि टेप चालू व्हायची. बदल कुठे झाला हे बऱ्याच श्रोत्यांना सांगता आलं नाही. हुशारी कशात? टेप उघड्यावर, मोकळ्या हवेत केली होती. तिच्यात कुठलाच हॉल नव्हता. हॉल मिळाला तो एकदाच, वाजवताना. एकताल यांची ‘खोली दोनदा’ची भानगड त्यांनी मुळातच कापली.

म्हणजे ‘ते इथे आले’ हे १९६०च्या आसपास जमलं होतं. ‘आपण तिथे गेलो’ हे अजून जमायचंय.

जिन्यातला श्रोता

हे शेवटचं वाक्य जरा उलगडा की.

तबकडी

व्हायोलिनवाली तुमच्या खोलीत येऊन वाजवतेय असं वाटणं, ही एक गोष्ट. तुम्ही मोठ्या सभागृहात जाऊन ऐंशी जणांच्या वाद्यवृंदापुढे बसलाय असं वाटणं, ही दुसरी. पहिल्यात खोली तुमचीच असते, फक्त वाद्य आणायचं असतं. दुसऱ्यात अख्खा हॉल घरात आणायचा असतो. बॉस्टनचा सिम्फनी हॉल १९०० साली उघडला. वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्रज्ञाने गणित मांडून घडवलेला तो पहिलाच. त्यात सूर थांबल्यावर जवळजवळ दोन सेकंद नाद विरत राहतो. आपल्या दिवाणखान्यात तो अर्ध्या सेकंदाच्या आत संपतो. आणि हॉलमध्ये मागच्या रांगेत बसलं तर कानावर येणारा बहुतेक आवाज बाजूच्या भिंतींकडून, मागून, वरून आलेला असतो. तो सगळा घरी दोन खोक्यांतून, समोरूनच, ऐकायचा.

अगदी सुरुवातीपासून लोकांना हे ठाऊक होतं. १९३३मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेने फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद तारेवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला, तेव्हा मंचावर दोन नाही, तीन वाटा (तीन माइक, तीन स्पीकर) होत्या. वाद्यवृंद तिकडे आणि त्याचे मुख्य संचालक स्टोकोव्स्की वॉशिंग्टनला बटणांपाशी बसलेले! घरात तीन खोकी मावणार नाहीत म्हणून आपण दोनांवर तडजोड केली आणि तिलाच शास्त्र म्हणू लागलो.

हेडफोनवाली

मला हा सगळा शोधच उफराटा वाटतो. रेकॉर्डिंग म्हणजे मैफलीची झेरॉक्स, हे गृहीतक कुणी ठरवलं? ग्लेन गूल्डने १९६४मध्ये मंच सोडला आणि पुढे फक्त स्टुडिओत पियानो वाजवला, कारण त्याला जे हवं होतं ते मंचावर मिळतच नव्हतं. बीटल्सनी १९६६मध्ये दौरे थांबवले आणि त्यानंतरचं त्यांचं बरंचसं संगीत मंचावर वाजवण्यासाठी केलेलंच नाही. त्याची ‘खऱ्याशी’ तुलना कशाशी करणार? खरं असं कुठे काही घडलंच नव्हतं. चोवीस तुकडे वेगवेगळ्या दिवशी वाजले आणि मिक्सरवर पहिल्यांदा भेटले.

शिवाय मैफलीत माझ्या पुढे नेहमी उंच माणूस बसतो, मागे खोकणारा.

पडद्यामागे

हेडफोनवालींशी अर्धा सहमत. मी मैफलींची ध्वनिव्यवस्था करतो, म्हणून दुसरा अर्धा सांगतो. लोक ‘लाइव्ह’ म्हणतात ते आजकाल ऐंशी टक्के वेळा माझ्या स्पीकरमधून येतं (आकडा माझ्या डायरीतला, शास्त्रीय नाही). माइक, प्रीअ‍ॅम्प, ईक्यू, कॉम्प्रेसर, अ‍ॅम्प, स्पीकर. तुमच्या घरी आहे तीच साखळी, फक्त मोठी, आणि बऱ्याचदा मोनो, म्हणजे डावं-उजवं वेगळं नाही, सगळीकडे तेच. मोनो का? डावीकडचं डावीकडे ठेवलं तर उजव्या टोकाच्या रांगेला अर्धं वाद्य ऐकूच जाणार नाही. पन्नास मीटर मागे जो जादा स्पीकर लावतो त्याला दीडशे मिलिसेकंद मुद्दाम उशिरा वाजवावं लागतं, नाहीतर त्याचा आवाज मंचाच्या आधी पोचून सगळा चिखल होतो.

तेव्हा ‘घरची सिस्टिम लाइव्हला गाठेल का’ याला माझं उत्तर: अशा लाइव्हला तुमच्या घरच्या बऱ्या सिस्टिमने कधीच मागे टाकलंय. स्वच्छपणात टाकलंय, समतोलात टाकलंय. फक्त पोटात बसणाऱ्या धक्क्यात नाही. तो मी छाती ठोकून देतो, आणि तोही तुमच्या शेजाऱ्यांनी चालवून घेतला तर घरी मिळेल.

बिनमाइकचं वादन हे निराळं जनावर. ते ऐकणारे दुर्मिळ, आणि त्यांना माझी गरज नाही.

खर्ज

वय ७३. कानतपासणीच्या कागदावर ८००० हर्ट्झच्या पुढे आलेख तळाला टेकलेला आहे. ट्वीटरच्या (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरच्या) बाबतीत मी जवळजवळ निवृत्तच म्हणा. तरीही समोर कुणी तंबोरा लावायला घेतला की दाराबाहेरून कळतं. म्हणजे ‘वरच्या बारकाव्यां’मुळे खरं वाटतं हा सिद्धान्त माझ्यापुरता निकालात निघतो.

मला वाटतं ते असं. तंबोरा मांडीवर असतो तेव्हा भोपळ्याचा कंप हाडात येतो. समोर बसलेल्यालाही सतरंजीतून थोडा पोचतो. जवारीतून (तारा टेकतात त्या घोडीच्या घासलेल्या माथ्यावरून) निघणारा सूर एका ठिकाणाहून येत नाही, तो खोलीत तरंगतो, मान हलवली की त्याचा रंग बदलतो. स्पीकरवरचा तंबोरा मान हलवली तरी तोच राहतो. फोटोतल्या माणसाच्या डोळ्यांसारखा, कुठूनही पाहा, तुमच्याकडेच बघतो.

आणखी एक. घरी सगळे फार हळू लावतात. आवाज कमी केला की खालचे सूर कानाला आधी दिसेनासे होतात.

सोल्डरगन

खर्जकाका, शेवटच्या वाक्याला शास्त्र आहे. फ्लेचर आणि मन्सन यांचे आलेख, १९३३ (तबकडींनी सांगितलेल्या वॉशिंग्टनच्या प्रयोगामागेही हेच फ्लेचर). पातळी खाली आली की कान खर्जाला बहिरा होत जातो. म्हणून वाद्य खऱ्या पातळीपेक्षा कमी वाजलं की त्याचा तोलच बदलतो, स्पीकर कितीही निर्दोष असो. जास्त वाजलं तरी बदलतो. प्रत्येक रेकॉर्डिंगला एकच खरी जागा असते आणि ती बटणावर कुणी खूण करून देत नाही.

बारकाव्यांबद्दल मात्र जरा थांबा. तुम्हाला ऐकू येत नाहीत म्हणून ते बिनकामाचे ठरत नाहीत.

तबकडी

याच प्रश्नावर आरसीए या अमेरिकी रेडिओ-रेकॉर्ड कंपनीच्या हॅरी ओल्सन यांचा १९४७चा प्रयोग आहे. त्याआधीच्या एका पाहणीत स्पीकरवर ऐकणाऱ्यांनी वरचे सूर कापलेला आवाज पसंत केला होता, आणि निष्कर्ष निघाला होता की लोकांना वरचे सूर नकोच असतात. ओल्सननी स्पीकरच काढून टाकला. पडद्यामागे खरा छोटा वाद्यवृंद बसवला आणि वादक नि श्रोते यांच्या मध्ये उघडझाप होणारी गाळणी लावली, ५००० हर्ट्झच्या वरचं अडवणारी. आता बहुतेकांनी गाळणी उघडीच पसंत केली. लोकांना नको होती ती तेव्हाच्या स्पीकरची विकृती. वरच्या सुरांबरोबर तीही कापली जात होती, म्हणून बरं वाटत होतं.

एलपीप्रेमी

इतके प्रतिसाद झाले आणि एलपीचं नाव नाही? सीडी आली १९८२ला आणि संगीतातला जीव गेला तो गेलाच. ४४१०० तुकडे करून जोडलेलं ते संगीत कसलं.

सोल्डरगन

आलंच हे. त्या ‘तुकड्यां’तून २०००० हर्ट्झपर्यंतची लहर पुरती परत उभी राहते, पायऱ्या उरत नाहीत. सीडीवर सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर मावतं, एलपीवर त्याहून बरंच कमी. खर्ज डाव्या-उजव्यात फार वेगळा ठेवला तर सुई उडते, म्हणून कापतानाच तो मध्ये आणतात. तुम्हाला सीडीवर जे मेलेलं वाटतं ते बहुतेक मिक्सरवर मारलेलं असतं. सगळं सारखंच मोठं करण्याच्या नादात शिखरं छाटलेली असतात. भांडं चांगलं आहे, आत काय ओतलंय ते बघा.

एलपीप्रेमी

कान माझे आहेत.

शंकासुर

एलपीचा धागा वेगळा काढा, हात जोडतो. धागाकर्ते, तुम्ही एवढी चर्चा घडवलीत, आता प्रयोग करा. तो मांजराचा सोडून, खरा. दुसऱ्या मजल्यावर जा, बेल वाजवा.

जिन्यातला श्रोता

(आठ दिवसांनी)

बेल वाजवली. व्हायोलिन वाजवणारी मुलगी नववीत आहे, तिला ही कल्पना आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त आवडली. तिचे वडील आधी जरा बिचकले, मग नाणं उडवायचं काम त्यांनीच घेतलं.

व्हिल्चर यांचा धडा गिरवला. रेकॉर्डिंग गच्चीवर, उघड्यावर, माइक मीटरभर अंतरावर. पहिली टेप वाया, कारण ऐन शांत जागी पाण्याच्या टाकीमागचं कबूतर घुमलं. खोलीत कबूतर कुठून येणार? दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा, वाऱ्यासाठी माइकवर लोकरीचा मोजा चढवून. एकच माइक, एकच वाट. वाद्य एक आहे तर स्पीकर दोन कशाला, हे सोल्डरगन यांनी खासगी निरोपात पटवलं. दोन स्पीकरमधून मधोमध आवाज उभा केला तर दोन्ही स्पीकर दोन्ही कानांना ऐकू जातात आणि २००० हर्ट्झच्या आसपास एकमेकांना खातात, असं त्यांचं म्हणणं. दोनच स्पीकर, पण पाठीला पाठ लावून, एक पुढे तोंड आणि एक भिंतीकडे, तिच्याच खुर्चीवर, तिच्या खांद्याच्या उंचीला. पातळी मोबाइलवरच्या मीटरने तिच्या वादनाशी जुळवली. मी जिन्यात, दार बंद.

आधी माझं नेहमीचं आवडतं रेकॉर्डिंग, मोठ्या हॉलमधलं, आणि तिचं वादन, असं आलटून पालटून. दहापैकी दहा ओळखले. पहिल्या सुराच्या शेपटीलाच कळत होतं, कारण या इमारतीतली कुठलीच खोली इतका वेळ घुमत नाही.

मग गच्चीवरचं रेकॉर्डिंग. वीस फेऱ्या. अकरा बरोबर. म्हणजे नाण्याने माझ्याऐवजी उत्तरं दिली असती तरी चाललं असतं. शंकासुर, तुमचं समाधान व्हावं म्हणून सांगतो, ज्या तीन फेऱ्यांत मी पैज लावायला तयार होतो, त्यांतल्या दोन चुकल्या.

त्यातली एक सांगतो. सूर इतका नेटका, प्रत्येक आवर्तन इतकं मागच्यासारखं, की मी बाहेरूनच ओरडलो, “स्पीकर!” दार उघडलं तर हातात गज घेऊन ती उभी. म्हणाली, “काका, ती टेप इतक्यांदा ऐकली ना, की आता माझं तसंच वाजायला लागलंय.”

तबकडी

अ‍ॅना केस!!

शंकासुर

वीसपैकी अकरा. आता मी गप्प बसतो. (फेऱ्या शंभर हव्या होत्या, पण असो.)

एकताल

आणि खोलीत बसून? दार उघडं ठेवून?

जिन्यातला श्रोता

तेच लिहायचं राहिलं. डोळ्यांवर रुमाल बांधून दोन मीटरवर बसलो. दहापैकी दहा. अजिबात कष्ट पडले नाहीत. ती वाजवताना डुलते, गज वरच्या तारेवर गेला की कोपर खाली येतं, व्हायोलिन वळतं आणि आवाजाची धार माझ्या डाव्या कानावरून सरकून जाते. खर्जकाकांचं मान हलवण्याचं म्हणणं अगदी तेच. स्पीकर खुर्चीत शहाण्या मुलासारखा बसलेला.

म्हणजे मी प्रश्न विचारला तेव्हा वाटत होतं की सोफ्यावर आपण जवळजवळ पोचलोय आणि जिन्यात हरतोय. आता जिन्यात बरोबरी झालीय आणि सोफ्यावरून झोप उडालीय.

सोल्डरगन

स्पीकर फिरत्या स्टुलावर ठेवा.

जिन्यातला श्रोता

तिच्या वडिलांनीही हेच सुचवलं. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

खर्ज

तंबोऱ्यावर करून बघा. चार तारा, सगळं तिथल्या तिथे, डुलणारं कुणी नाही. तिथे स्पीकरला बहुधा आणखी जड जाईल असा माझा कयास, पण चुकलो तर आनंदच आहे.

नवशिका

मी परवा स्पीकर घ्यायला निघालो होतो. आता आधी खोलीत गालिचा टाकतोय.

पडद्यामागे

गालिचा आणि पुस्तकांनी भरलेलं कपाट. आयुष्यात मी दिलेला एवढा एकच सल्ला आजवर कुणी परत आणून दिलेला नाही.

जिन्यातला श्रोता

खर्जकाका, तंबोरा शोधतोय, मिळाला की कळवतो.

ती कबुतरवाली पहिली टेप पुसलेली नाही. काल रात्री सहज म्हणून दार बंद करून पाठीला पाठ लावलेल्या स्पीकरवर लावली आणि जिन्यात गेलो. तळमजल्यावरचं मांजर चार मजले चढून माझ्या दाराशी कान टवकारून बसलं होतं.

व्हायोलिनकडे त्याने ढुंकूनही लक्ष दिलं नाही.